दैव, गाडीचा आस आणि सीटबेल्ट

अपघातातून कोणी वाचले की आपल्याकडे म्हणतात, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. कोणी गेले तर म्हणतात, तेवढेच आयुष्य लिहिले होते. ही वाक्ये सुटकेच्या किंवा शोकाच्या घरात बोलली जातात, आणि तिथे त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. मुलगा गमावलेल्या आईला 'त्याने पट्टा लावायला हवा होता' असे सुनावणे क्रौर्य आहे. 'त्याची वेळ भरली होती' हे शब्द तिला निदान ती रात्र काढायला बळ देतात. पण हेच शब्द अपघाताच्या आधी उच्चारले जातात तेव्हा गोष्ट पार बदलते. मागच्या सीटवर बसलेला माणूस पट्ट्याकडे पाहून 'व्हायचे ते होणारच' म्हणतो, तेव्हा तो कोणाचे सांत्वन करत नसतो. तो एक निर्णय घेत असतो आणि त्याची जबाबदारी देवावर टाकत असतो. माझे म्हणणे असे आहे की, घडून गेलेल्या गोष्टीकडे पाहताना दैवाची भाषा समजण्यासारखी आहे, पण जे अजून घडायचे आहे त्याबद्दल ती बोलण्यात श्रद्धा नाही. आपल्या परंपरेतल्या थोर विचारवंतांनाही ते मान्य नव्हते. आजच्या मोटारीतली सुरक्षा यंत्रणा कशी चालते हे नीट समजून घेतले, तर त्यांच्या म्हणण्यात किती तथ्य होते ते कळते.

हा प्रश्न फार जुना आहे, आणि विशेष म्हणजे गाडीच्याच दाखल्यासकट तो विचारला गेलेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, साथीच्या रोगांनी गावेच्या गावे का ओस पडतात याची चर्चा चालू असताना अग्निवेश आपल्या गुरूंना, आत्रेयांना विचारतो की, आयुष्याचे प्रमाण आधीच ठरलेले असते की नसते? आत्रेय प्रश्न उडवून लावत नाहीत. ते म्हणतात, आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून असते. दैव म्हणजे पूर्वजन्मी आपणच केलेले कर्म, पुरुषकार म्हणजे या जन्मी आपण करतो ते कर्म. दोहोंपैकी जे बलवान असेल ते दुसऱ्यावर मात करते. मग ते शिष्याला भोवतालच्या व्यवहाराकडे बघायला लावतात. सगळ्यांचे आयुष्य जर ठरलेलेच असते, तर दीर्घायुष्यासाठी औषधे, मंत्र, व्रते यांच्या मागे कोण लागले असते? उधळलेला हत्ती किंवा माजलेला बैल समोरून येताना कोणी बाजूला का झाले असते? आणि यानंतर येतो तो गाडीच्या आसाचा दाखला. मुळात चांगल्या गुणांचा आस गाडीला जोडला आणि नीट चालवला, तर तो आपल्या ताकदीप्रमाणे झिजत जाऊन आपल्या काळी संपतो. तसा योग्य काळी येणारा मृत्यू. तोच आस जास्त भार लादल्याने, खाचखळग्यांच्या रस्त्याने, वाट सोडून नेल्याने, चाक मोडल्याने, ओढणाऱ्या जनावराच्या किंवा हाकणाऱ्याच्या दोषाने, खीळ निसटल्याने, वंगण न घातल्याने मध्येच मोडतो. तसा अकाली मृत्यू. ही यादी पुन्हा एकदा वाचावी. भार, रस्ता, वाहनाचा दोष, चालकाचा दोष, देखभाल. आजचा अपघात तपासणारा अधिकारी याच रकान्यांत आपला अहवाल भरतो. आत्रेयांनी दैव नाकारलेले नाही. आस मोडण्याची कारणे आधी मोजा आणि मग दैवाकडे वळा, असा हा क्रम आहे.

आता मोटारीच्या धडकेकडे येऊ, कारण माझा सगळा युक्तिवाद तिथे काय घडते यावर उभा आहे. ताशी ५० किलोमीटर हा काही मोठा वेग वाटत नाही. शहरातल्या मोकळ्या रस्त्यावर तो सहज गाठला जातो. पण त्या वेगाने भिंतीवर आदळणे आणि सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणे, यांत आदळतानाचा वेग सारखाच असतो. एका धडकेत खरे तर तीन धडका असतात. गाडी अडथळ्यावर आदळते. माणूस गाडीच्या आतल्या भागावर आदळतो. आणि शेवटी माणसाचा मेंदू, यकृत, हृदय त्याच्याच शरीराच्या आतून आदळतात किंवा ताणले जातात. जीव बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या धडकेत जातो. वेग शून्यावर यायचा तो येणारच, त्याला इलाज नाही. आपल्या हातात असते ते थांबण्यासाठी मिळणारे अंतर. ताशी ५० किलोमीटरवरून शरीर पाच सेंटिमीटरमध्ये थांबले, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोनशे पट झटका बसतो. तेच अर्ध्या मीटरमध्ये थांबले तर झटका वीस पटीवर येतो. पहिल्या झटक्यातून वाचणे जवळपास अशक्य आहे. दुसऱ्यातून नीट बांधलेला माणूस स्वतःच्या पायांनी बाहेर येऊ शकतो. मोटारीतली धडकेच्या वेळची सगळी यंत्रणा हे अर्ध्या मीटरचे अंतर मिळवण्यासाठी आणि त्याचा फायदा शरीरापर्यंत पोचवण्यासाठी आहे.

मर्सिडीज-बेंझमधले अभियंते बेला बारेन्यी यांनी १९५१ साली ज्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला ती त्या काळच्या समजुतीच्या नेमकी उलटी होती. गाडी जितकी दणकट तितकी सुरक्षित, असे तेव्हा सगळे मानत. बारेन्यींनी गाडीचे तीन भाग कल्पिले: मधली माणसे बसण्याची खोली अत्यंत कणखर, आणि पुढचा व मागचा भाग मुद्दाम चुरगळणारा. पुढचा भाग चुरगळताना धडकेची ऊर्जा पत्र्याची घडी घालण्यात खर्च होते आणि आतल्या माणसाला थांबायला अंतर मिळते. १९५९ साली ही रचना विकाऊ गाडीत आली. 'हल्लीच्या गाड्या पत्र्याच्या, जरा आदळल्या की बोनेटचा चुरा' ही तक्रार आपल्याकडे आजही ऐकू येते. तो चुरा होतो म्हणूनच आतला माणूस वाचतो, हे सांगणारे कमी भेटतात. पण गाडी चुरगळून अंतर मिळाले तरी ते माणसाला आपोआप लाभत नाही. बांधलेला नसेल तर तो मूळ वेगानेच पुढे जात राहतो आणि गाडी थांबल्यावर तिच्या आतल्या भागावर आपटतो. पट्टा त्याला गाडीशी जोडतो, म्हणजे गाडीला मिळालेले अंतर त्याच्या वाट्याला येते. त्याच १९५९ साली व्होल्वोमधले निल्स बोलिन यांनी तीन ठिकाणी अडकवलेला पट्टा दिला. बोलिन पूर्वी लढाऊ विमानांतल्या, वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत. नुसता कमरेचा पट्टा पोटातल्या अवयवांना इजा करतो आणि छाती मोकळी सोडतो, हे त्यांनी पाहिले. त्यांचा पट्टा छातीवरून तिरपा येतो आणि कमरेवरून आडवा जातो, म्हणजे जोर बरगड्या, खांदा आणि ओटीपोटाच्या हाडांवर, शरीराच्या सर्वांत मजबूत भागांवर पडतो. शिवाय तो एका हाताने लावता येतो. व्होल्वोने हे पेटंट इतर कारखान्यांना वापरायला मोकळे ठेवले. माझ्या मते गेल्या शतकातल्या निर्मळ दानांपैकी हे एक आहे. १९६७ साली बोलिन यांनी २८,००० अपघातांचा अभ्यास मांडला: पट्टा न लावलेले लोक अगदी कमी वेगापासून सगळ्या वेगांना मेलेले आढळले, तर पट्टा लावलेल्यांपैकी ताशी सुमारे ९५ किलोमीटरच्या खालच्या वेगाला एकही मृत्यू नव्हता.

एअरबॅगबद्दल आपल्याकडे गैरसमज अधिक आहेत, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. गाडीतला संवेदक वेगात अचानक झालेली घट मोजतो, संगणक ती धडक आहे की नुसता खड्डा हे ठरवतो, एक छोटा स्फोटक पेटतो आणि त्यातून निघालेल्या वायूने पिशवी फुगते. हे सगळे साधारण तीस-चाळीस मिलिसेकंदांत उरकते; पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. पण फुगताना पिशवी प्रचंड वेगाने बाहेर येते आणि लगेच रिकामीही होऊ लागते. पट्ट्याने जागेवर धरलेल्या माणसाचे डोके तिच्यात नेमक्या वेळी रुतावे, असा सगळा हिशेब आहे. पट्टा नसलेला माणूस आधीच पुढे सरकलेला असतो आणि फुगत्या पिशवीचा तडाखा त्यालाच बसतो. म्हणून एअरबॅग ही पट्ट्याची जोड आहे, पर्याय नाही. पट्ट्यालाही आता दोन सोबती मिळाले आहेत: धडक जाणवताच पट्ट्यातला ढिलेपणा खेचून घेणारा एक, आणि जोर फार वाढला की पट्टा थोडा सोडून बरगड्या वाचवणारा दुसरा. 'हाताने धरून बसलो की पुरे' असे मानणाऱ्यांनी एवढा हिशेब करून पाहावा: वीस पट झटक्यात सत्तर किलोच्या माणसाला रोखायला सुमारे चौदाशे किलोच्या वजनाइतका जोर लागतो. मांडीवरच्या दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला दोनशे किलोचा. कोणत्याही आईच्या हातांत तो नसतो, तिचे प्रेम कितीही असो.

धडक टाळण्यासाठी असलेल्या यंत्रणांबद्दल थोडक्यात सांगतो. १९७८ साली बॉशने मर्सिडीजच्या गाडीत आणलेले एबीएस प्रत्येक चाकाचा वेग पाहते आणि चाक जाम होऊ लागले की ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडते व पुन्हा देते. फिरते चाक वळू शकते, त्यामुळे जोरात ब्रेक दाबूनही स्टिअरिंग हातात राहते. १९९५ साली आलेली स्थैर्य-नियंत्रण यंत्रणा गाडी घसरून फिरू लागली की एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून तिला चालकाने वळवलेल्या दिशेकडे आणते. यापुढे रडार आणि कॅमेऱ्यावर चालणारे स्वयंचलित ब्रेक आले आहेत.

या सगळ्यातून माझ्या प्रश्नापुरता निघणारा अर्थ असा. धडक सुरू झाल्यापासून संपेपर्यंत जेमतेम एक दशांश सेकंद जातो. माणसाला धोका ओळखून हालचाल करायलाच एक सेकंद किंवा जास्त लागतो. म्हणजे त्या दशांश सेकंदात पुरुषकाराला जागाच नसते. तिथे तुम्ही प्रार्थना सुरू करू शकत नाही, पट्टा लावू शकत नाही, हातही वर करू शकत नाही. त्या क्षणापुरते सगळे आधीच ठरलेले असते, हे दैववाद्याचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. पण कोणी ठरवलेले? बोनेटची घडी कशी पडायची हे आराखडा काढणाऱ्याने ठरवलेले असते. पिशवी आहे की नाही हे गाडी घेताना ठरलेले असते. टायरची पकड महिन्यांपूर्वीच्या देखभालीने ठरलेली असते. आणि शरीर गाडीशी बांधलेले आहे की नाही, हे निघताना ठरलेले असते. आत्रेय दैवाला स्वतःच केलेले पूर्वीचे कर्म म्हणतात. ते पूर्वजन्माबद्दल बोलत होते हे खरे, पण दैवाची रचना तीच आहे: आत्ता जे अटळ वाटते ते आधी केलेल्याचे फळ. दारातून निघताना कमरेशी झालेला 'टक्' हा धडकेच्या क्षणी आपले दैव बनतो. म्हणून कर्मसिद्धान्त खऱ्या अर्थाने मानणाऱ्या माणसाने सर्वांत आधी पट्टा लावायला हवा.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या क्रिया, आणि पाचवे दैव. आधुनिक काळातही कारणांची अशी एक मांडणी झाली. अमेरिकेतले डॉक्टर विल्यम हॅडन, जे १९६६ नंतर तिथल्या संघराज्याच्या रस्ते-सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख झाले, त्यांनी अपघाताच्या आधी, अपघातात आणि अपघातानंतर माणूस, वाहन व परिसर यांतले काय काय बदलता येईल याचा एक तक्ता मांडला. त्या तक्त्याने जगभरच्या धोरणांना वळण दिले. गीतेचा उद्देश वेगळा होता, हॅडनचा वेगळा, आणि दोघांची जुळणी फार ताणू नये. तरी एक गोष्ट दोन्हींत सारखी आहे: कारण एकच नसते, आणि जे आपल्या हाताबाहेर आहे ते अनेकांतले एक असते. घाटात दरड कोसळणे, समोरच्या चालकाला अचानक झटका येणे, हे आपल्या हाताबाहेरचे. ते उरणारच. उरलेली चार कारणे न पाहता पाचव्याचे नाव घेणे हे गीतेशीही इमान राखणे नाही.

यावर कोणी म्हणेल, पट्टा लावण्याची बुद्धी होणे हेही दैवच. ज्याने वाचायचे असते त्याला ती होते. या म्हणण्याला खोटे पाडता येत नाही, पण त्यामुळेच ते काही सांगतही नाही. वाचला तरी दैव, मेला तरी दैव, लावला तरी दैव, न लावला तरी दैव; मग यातून पट्टा न लावण्याचे कारण कसे निघते? प्राचीन ग्रीसमध्ये हाच वाद 'आळशी युक्तिवाद' म्हणून ओळखला जाई: बरे व्हायचे असेल तर वैद्य बोलावला काय, न बोलावला काय. नियतीवर दृढ विश्वास असलेल्या स्टोइक पंथाच्या क्रिसिपसने त्याला उत्तर दिले की, बरे होणे ठरलेले असेल तर वैद्याला बोलावून बरे होणे असेच ठरलेले असते; फळ आणि उपाय वेगळे काढता येत नाहीत. म्हणजे कट्टर नियतिवाद्यानेही हात बांधून बसण्याची सोय मान्य केलेली नाही. दुसरा आक्षेप कर्मफळाचा. ज्याच्या वाट्याला भोग आहे त्याला तो भोगू द्यावा, मध्ये पडू नये, असे कोणी उघड म्हणत नाही, पण 'केले तसे भरले' हे रस्त्यावरच्या मृत्यूबद्दल सर्रास बोलले जाते. संयुत्तनिकाय या बौद्ध ग्रंथात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की, माणसाला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्मामुळेच होते असे काही जण मानतात, आपले काय मत? बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, स्वतःची नीट काळजी न घेणे, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे मोजतात आणि म्हणतात की, सगळे पूर्वकर्मावर ढकलणारे लोक स्वतःला माहीत असलेल्या आणि जगालाही मान्य असलेल्या गोष्टीच्या पलीकडे जातात. कर्म आठांतले एक. काळजी न घेणे आणि आघात ही कर्मापासून वेगळी मोजलेली कारणे आहेत.

खरा तोलामोलाचा आक्षेप अर्थशास्त्राकडून आला आहे. शिकागो विद्यापीठाचे सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली असे मांडले की, गाडी सुरक्षित झाली की चालक अधिक बेफिकीर होतो आणि वाचलेले जीव दुसरीकडे, कदाचित पायी चालणाऱ्यांच्या रूपाने, गमावले जातात. म्युनिकमधल्या टॅक्सींच्या अभ्यासात एबीएस असलेल्या गाड्यांचे चालक अधिक आक्रमकपणे गाडी चालवतात असे आढळले होते, त्यामुळे हा मुद्दा हवेतला नाही. आपण सुरक्षित आहोत या जाणिवेने माणसाचा संयम सैल होतो, हे नीतीच्या कोणत्याही विचारवंताला पटेल. पण पट्ट्याच्या बाबतीत पुढच्या संशोधनाने पेल्ट्झमन यांच्या निष्कर्षाला फारसा आधार दिला नाही. पुढच्या सीटवरच्यांचा मृत्यूचा धोका पट्ट्याने जवळपास निम्म्यावर येतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि समजा, थोडी बेफिकिरी वाढत असेल, तरी तिला उत्तर वेगमर्यादा आणि शिक्षा हे आहे. चूक करणाऱ्याला धडा मिळावा म्हणून त्याची मान मोडू देणे, हे त्याचे उत्तर असू शकत नाही. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली जे धोरण स्वीकारले त्याचा गाभाच हा आहे: माणूस चुकणारच, म्हणून चुकीचे फळ मृत्यू नसेल अशी रस्त्याची आणि वाहनाची रचना करणे हे रचना करणाऱ्यांचे कर्तव्य आहे. मला यात क्षमेचे एक अत्यंत मूर्त रूप दिसते. यंत्रावरही आंधळा विश्वास ठेवू नये, हेही तितकेच खरे. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधला अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व दमटपणाने बिघडून फुटू लागला, धातूचे तुकडे माणसांच्या अंगात घुसले, लोक मेले आणि जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. वंगण न घातलेला आस तो हाच. उपायालाही देखभाल लागते.

'माझा जीव माझा, मी बघीन' हा आक्षेप मात्र भौतिकशास्त्रापुढे टिकत नाही. मागे न बांधता बसलेला माणूस धडकेत पुढच्या सीटवर शेकडो किलोंच्या जोराने आदळतो. जपानमधल्या अपघातांच्या अभ्यासात, जो २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, मागचे प्रवासी पट्ट्याविना असतील तर पुढच्या, पट्टा लावलेल्यांचा मृत्यूचा धोका जवळपास पाच पट होतो असे दिसले. म्हणजे मागे बसून दैवावर हवाला ठेवणारा माणूस पुढच्याचे दैवही स्वतःच लिहीत असतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी यांचा मृत्यू झाला. ते दोघे मागे बसले होते आणि त्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. गाडी उत्तम होती, एअरबॅग होत्या. मागच्या सीटवर पट्टा लावण्याचा नियम आपल्याकडे आधीपासूनच होता. त्या दुःखद घटनेने तो पुष्कळांना पहिल्यांदा कळला. तरी २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पट्ट्याचा इशारा बंद पाडणाऱ्या क्लिपा विकणाऱ्या पाच ऑनलाइन दुकानांना आदेश दिल्यावर तिथून अशा १३,११८ जाहिराती काढाव्या लागल्या. पैसे देऊन स्वतःच्याच गाडीला फसवण्याची इतकी सोय बाजारात होती.

आणि दैवाची भाषा कोणाच्या सोयीची आहे, हेही पाहिले पाहिजे. जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या धडकवून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या बेस मॉडेलमध्ये पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांतल्याच एका गाडीच्या दोन एअरबॅग असलेल्या रूपाला चार. तीच गाडी, तोच रस्ता. फरक काही हजार रुपयांचा. अशा वेळी 'त्याचे आयुष्यच तेवढे' म्हणणे कारखानदाराला आणि कायदा उशिरा करणाऱ्या सरकारला दोषमुक्त करते. पुढे २०१९ पासून एबीएस आणि चालकाची एअरबॅग, २०२१ च्या अखेरीपासून पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या झाल्या, १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपची चाचणी सुरू झाली. हा पुरुषकारच आहे, उशिराचा का होईना. पण ही सगळी तटबंदी चार चाकांच्या आतल्यांसाठी आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले सुमारे ४५ टक्के दुचाकीवरचे आणि जवळपास पाचवा हिस्सा पायी चालणारे. पट्टा न लावलेले मृत १६,७१५, हेल्मेट न घातलेले ५०,०२९. आतला माणूस जितका सुरक्षित, तितकी बाहेरच्याबद्दलची त्याची जबाबदारी मोठी, कारण धडकेचे गणित आता त्याच्या बाजूने झुकलेले आहे. अहिंसेचा विचार करणाऱ्याने गाडीच्या वेगाचा विचार केला नाही, तर तो विचार अपुरा आहे.

पूजेविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालणारा माणूस साधनाबद्दल कृतज्ञता व्यक्त करतो आणि त्या क्षणी आपल्या हातात काय शक्ती आली आहे याची जाणीव ठेवतो, तर ते चांगलेच आहे. आत्रेयांनीही मंत्र आणि औषध यांना एकाच यादीत ठेवले. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे त्यांनी म्हटलेले नाही. उपायांनी काय साधते याचे उदाहरण जवळच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून मृत्यूशून्य रस्त्याचे ध्येय ठेवून काम सुरू झाले: उघडे काँक्रीट झाकणे, कठडे, वेगावर नजर, जखमींना लवकर मदत. मृत्यू घटले. त्या रस्त्याने जाणाऱ्यांच्या पत्रिका काही बदललेल्या नव्हत्या. ज्यांना गाडीत देव हवा आहे त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर एअरबॅगचे झाकण असते. त्यावर चिकटवलेली मूर्ती पिशवी फुगताना गोळीसारखी प्रवाशाच्या तोंडावर येऊ शकते. ती तिथून हलवून दुसरीकडे ठेवा. बाळाला मांडीवर न घेता मागच्या सीटवर त्याच्या मापाच्या आसनात बांधा. आणि पुढे बसा की मागे, गाडी हलण्यापूर्वी प्रत्येकाने पट्टा लावला आहे का, हे पाहा.